अडीच बादल्या

दादा शनिवारी सकाळी आला तो फॉर्म घेऊनच. माझ्या टूलबॉक्सवर ग्रीस आहे हे त्याने पाहिलं, खिशातून रुमाल काढला, तो अंथरला आणि त्यावर चार पानांचा फॉर्म ठेवला. रुमालसुद्धा इस्त्रीचा. माझं डोकं तिथूनच फिरायला लागलं.

"शेवटच्या पानावर सही कर," तो म्हणाला. "माझी झालीय. दोन्ही मुलांच्या लागतात."

"आणि बाबांची?"

"त्यांची लागत नाही. तिसऱ्या पानावर कारण लिहिलंय ना, म्हणून."

मी तिसरं पान उघडलं. मुद्दाम काळ्या बोटांनी उघडलं. 'पूर्वी घडलेली घटना' या ओळीपुढे दादाच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: विसरभोळेपणामुळे इंजिनात पाणी न भरता ट्रक चालवला. मुलगा गंभीर भाजला. स्वतःसाठी व इतरांसाठी धोकादायक.

त्यात खोटं काही नव्हतं. निदान तेव्हा मला तरी तसंच वाटत होतं, आणि म्हणूनच मी त्याच्यावर धड ओरडूही शकत नव्हते. दादा पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो, अगदी भर उन्हाळ्यातही. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलाय त्याचा, कातडी सुरकुतल्या सायीसारखी झालीय. त्या हातासमोर कोणाचं काही चालत नाही.

"सोमवारी दहाला वृद्धनिवासाची गाडी येईल," दादा म्हणाला. "माजी सैनिक मंडळाचे लोक पण त्यांच्या आवारात मांडायला ट्रक न्यायला त्याच दिवशी येतायत. म्हणजे एकदमच होऊन जाईल."

एकदमच! अडगळीत एक जुना ट्रक आणि एक जुना बाप, दोन्हीची एकाच दिवशी उचल. गॅरेजच्या फाटकापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बाबा बसले होते. त्यांना ऐकू गेलं असणार. कान तिखट आहेत त्यांचे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही नुसत्या आवाजावरून कोणत्या गाडीचा कोणता पट्टा सैल झालाय ते सांगतात. पण हल्ली ते ऐकू गेल्याचं दाखवत नाहीत.

"ट्रक आधी चालू करते," मी म्हणाले. "मंडळाच्या ट्रेलरवर तो स्वतःच्या ताकदीने चढेल. सही त्यानंतर."

"चालू? अगं, इंजिनाचं हेड तडकलंय त्याचं."

"कोणी पाहिलं तडकलेलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. दोन वर्षं त्या ट्रकला कोणी हात लावला नव्हता, मी सुद्धा नाही. "उद्या दुपारी येतो सहीला," असं म्हणून दादाने रुमाल तेवढा उचलून घेतला आणि फॉर्म तिथेच ग्रीसवर ठेवून गेला.

ट्रकचं नाव सवत. हे नाव आईने ठेवलेलं. बाबा फौजेत ड्रायव्हर होते, आणि निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी त्यांनी स्वतः चालवलेलाच सहा चाकांचा ट्रक भंगारातून सोडवून आणला. मागे क्रेन बसवली आणि बंद पडलेल्या गाड्या ओढायचा धंदा सुरू केला. रोज सकाळी उठल्यावर आधी त्याचं पाणी, त्याचं तेल, मग स्वतःचा चहा. आई म्हणायची, "माझ्या सवतीची आंघोळ झाली असेल तर मला दूध आणून द्या." आई गेली, नाव राहिलं. आम्ही भावंडंही तिला सवतच म्हणायचो, आणि बाहेरच्या लोकांना ते विचित्र वाटायचं याची मजा घ्यायचो.

बाबांनी फौजेतून तीन नियम आणले होते. पहिला पाटीचा. इंजिनातलं पाणी काढलं की स्टिअरिंगवर पत्र्याची लाल पाटी टांगायची: 'पाणी काढले आहे'. ती पाटी फक्त पाणी भरणाऱ्यानेच काढायची आणि भिंतीवरच्या खिळ्यावर परत लावायची. दुसरा चिंध्यांचा. काम करताना कुठलंही भोक उघडं पडलं की त्यात चिंधी कोंबायची, म्हणजे नटबोल्ट आत पडत नाहीत. पण त्या चिंध्या ठरलेल्या आठच, प्रत्येकीला हातभर लाल दोरा, आणि दोरा बाहेर लोंबला पाहिजे. संध्याकाळी आठही मोजून खिळ्याला लावायच्या. तिसरा नियम, गरम रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही, मग साक्षात सेनापती का येईना.

आता त्या दिवसाचं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी सवतीचा थर्मोस्टॅट बदलत होते. ही इंजिनाच्या तोंडाशी बसलेली पितळी झडप असते, पाणी तापलं की उघडते आणि ते थंड व्हायला रेडिएटरकडे जाऊ देते. सगळं पाणी काढलं, पाटी टांगली, नवा बसवला, आणि पाणी जेवण झाल्यावर भरू म्हणून घरात गेले. परत येते तो ट्रक नाही. घाटात एक बस अडकली होती, बोलावणं आलं, तर बाबा आणि त्या दिवशी सुट्टीवर असलेला दादा सवतीला घेऊन गेले होते. तासाभराने फोन आला. चढावर इंजिन उकळलं. दादा खाली उतरला, झाकण उघडलं आणि भाजला.

दवाखान्यात मीच पहिल्यांदा बोलले. "पाणी नव्हतं त्यात! मी भरलंच नव्हतं!" बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "मी भरलं ना. पाटी पाहिली, अडीच बादल्या भरलं, मग पाटी काढली." दादा कळवळत होता, वहिनी रडत होती, आणि मी बापावर खेकसले, "मग इंजिन उकळलं कशाने? हवेने?"

त्यानंतर बाबा किती वेळा म्हणाले असतील, "मी भरलं होतं. अडीच बादल्या." पहिले काही दिवस आम्ही वाद घातला. मग वाद घालणंही सोडलं. आम्ही म्हणायचो, "बरं बाबा." एकदम गोड आवाजात, लहान मुलाला म्हणतात तसं. बरं बाबा, तुम्ही भरलं होतं. बरं बाबा, आता झोपा. हळूहळू ते म्हणायचे बंद झाले. मग गाडीची किल्ली काढून घेतली, मग पाने-पक्कड, मग गॅसची शेगडी. त्यांचा चष्मा हरवला की दादा हसून म्हणायचा, "पाटी लावा रे यांच्या गळ्यात, वर पाणी नाही," आणि मी पण हसले आहे त्यावर. माझा चष्मा आठवड्यातून चारदा हरवतो. तो मोजायला कोणी बसलेलं नाही.

शनिवारी दुपारी मी सवतीवरची ताडपत्री ओढली. एवढी धूळ उडाली की फाटकापाशी बाबा शिंकले.

"काय करतेयस, ठिणगे?" त्यांनी विचारलं. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो म्हणून लहानपणापासून मी ठिणगी.

"धुतेय हिला. आतून."

"खालचा नळ उघडलास की ब्लॉकचा विसरू नको."

"बरं बाबा," मी म्हणाले. तोंडातून आपोआप निघालं.

रेडिएटरच्या तळाशी पाणी काढायचा छोटा नळ असतो, तो सगळ्यांना माहीत असतो. इंजिनाच्या कुशीत दुसरा असतो, तो निम्मे मेकॅनिक विसरतात, आणि मग खरा गाळ आतच राहतो. तो नळ गंजून बसला होता. तेल सोडलं, ठोकलं, शिव्या दिल्या. उघडला तरी पाणी नाही. तार घालून खुपसलं तेव्हा आधी तपकिरी लगदा आला आणि मग पाणी, गढूळ, गंजकं, भरपूर. बादली भरली, दुसरीही जवळजवळ अर्धी झाली.

मी बादलीकडे पाहिलं आणि म्हटलं, हे पाणी कुठून आलं? कोणीतरी नंतर ओतलं असेल. कोणी? बाबा तेव्हा दवाखान्यात होते, दादाही. ट्रक ओढून आणणाऱ्यांनी तो ढकलला आणि गेले. पण मला दादाचा एवढा राग आला होता, त्या इस्त्रीच्या रुमालाचा, टपोऱ्या अक्षरांचा, की डोक्यात दुसऱ्या कशाला जागा नव्हती. मी बादली गटारात ओतली.

दोन्ही रबरी होज पाइप काढले, ते तसेही तडकले होते. रेडिएटर उलटा धुतला. म्हणजे पाणी नेहमी ज्या वाटेने बाहेर पडतं त्या खालच्या तोंडातून नळी लावून जोरात आत सोडायचं. सरळ धुतलं तर गाळ आणखी घट्ट बसतो, उलट्या बाजूने धक्का दिला तरच सुटतो. वरच्या तोंडातून काळं आलं, मग तांबडं, मग चहाच्या रंगाचं. अंधारायच्या आत मी नळ बंद केला. हात दुखत होते, आणि राग जसाच्या तसा होता.

रविवारी सकाळी इंजिनाची पाळी. त्यातून पाणी सोडायचं तर थर्मोस्टॅट आधी बाहेर काढावा लागतो. त्याला झाकणारं लोखंडी घर दोन बोल्टचं. एक सहज निघाला, दुसऱ्याने पाऊण तास खाल्ला. घर उचललं. माझा दोन वर्षांपूर्वीचा थर्मोस्टॅट पिवळा लखलखीत बसलेला, जेमतेम एक चढ चाललेला. तो उचलला.

खाली भोक दिसायला हवं होतं. भोकाच्या जागी काहीतरी काळं होतं. मला वाटलं गाळ. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर मऊ लागलं. लांब तोंडाच्या पकडीने चिमटीत धरलं आणि ओढलं, तर ते येतच राहिलं, वीतभर आलं, आणि बुचासारखा आवाज होऊन सुटलं. मी ते नळाखाली धरलं.

पिवळं कापड. पांढरे ठिपके. शर्टाच्या बाहीचा कफ, त्याला एक बटण, आणि ते बटण हिरव्या दोऱ्याने शिवलेलं.

पिवळा दोरा घरात नव्हता म्हणून हिरव्याने मी स्वतः शिवलं होतं ते. शर्ट माझा. फाटल्यावर गॅरेजमध्ये पुसायला आणला होता. लाल दोऱ्याच्या चिंध्या आठ पावलांवर खिळ्याला होत्या, पण मला कंटाळा. बाबांच्या नियमांना मी 'फौजी खुळं' म्हणायचे. हाताला आला तो कफ टरकन फाडला, भोकात कोंबला, त्याला ना दोरा ना मोजदाद, आणि त्याच्यावर नवा थर्मोस्टॅट बसवून मी जेवायला गेले होते.

मी ट्रकच्या बंपरवर बसले. सगळं सरळ होतं. इतकं सरळ की शिकाऊ पोरालाही कळलं असतं. बाबांनी पाटी पाहिली. पाणी भरलं. पाटी काढून खिळ्यावर लावली. मी जेवून आले तेव्हा ती खिळ्यावरच होती, मी डोळ्यांनी पाहिली होती. विसरभोळा माणूस पाटी नीट जागेवर टांगून जातो का? मग चढ लागला, पाणी तापलं, झडप उघडली, पण खाली माझा कफ. गरम पाण्याला रेडिएटरकडे जायला वाटच नव्हती. ते उकळलं आणि उलटं खालून रेडिएटरमध्ये घुसलं. काटा लालवर जाताच बाबांनी इंजिन बंद केलं असणार, म्हणून तर ते जगलं. आणि ते 'झाकणाला हात लावू नको' म्हणून ओरडत असताना दादाने झाकण फिरवलं.

आणि दादाचा हात? कोरड्या इंजिनातून कोपरापर्यंत भाजेल एवढं उकळतं पाणी येतं कुठून? बावीस वर्षं मी हेच काम करतेय. दोन वर्षं तो हात माझ्यासमोर जेवायला बसतोय. एकदाही हा प्रश्न मला पडला नाही, कारण बाप म्हातारा आहे आणि म्हातारी माणसं विसरतात, एवढं उत्तर मला पुरेसं वाटलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती ही. आणि चोर मीच. वर ओरडणारीही मीच.

रागाला जायला जागा लागते. कालपासून तो दादाकडे धावत होता, आता तो माघारी वळला आणि मला कुठे तोंड लपवू ते कळेना. म्हणून मी उठले आणि काम पुरं केलं. इंजिनात नळी लावली. खाली मोकळं झाल्यावर पाणी वरून असं उसळलं की माझं तोंड भिजलं. ते स्वच्छ येईपर्यंत मी हलले नाही. थर्मोस्टॅट परत बसवला, नवे होज, नव्या पट्ट्या, दोन्ही नळ बंद. आणि खिळ्यावरची लाल पाटी काढून स्टिअरिंगवर टांगली.

दादा बाराला आला. सोबत पेन घेऊन आला होता.

"झालं का तुझं? कर सही."

मी त्याच्या हातातल्या पेनावर तो ओला कफ ठेवला.

"हे काय?"

"माझा कफ आहे. थर्मोस्टॅटच्या खाली होता. मी कोंबला आणि मीच विसरले. पाणी होतं, दादा. बाबांनी भरलं होतं. तू माझ्यामुळे भाजलास."

त्याने कफ उलटापालटा केला, बटण पाहिलं. मेकॅनिक नाही तो, ऑफिसात बसतो, पण लहानपण त्याचंही याच गॅरेजात गेलंय. त्याने आपोआप डावी बाही वर केली आणि हाताकडे पाहिलं, जणू तो हात दुसऱ्या कोणाचा असावा.

"म्हणजे पाणी होतं," तो सावकाश म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "दोन वर्षं! दोन वर्षं तू मला सांगतेयस पाणी नव्हतं! मी त्या माणसाशी धड बोललो नाही दोन वर्षं! मी हे लिहिलं!" त्याने फॉर्म माझ्या तोंडासमोर नाचवला. "हे माझ्या अक्षरात आहे, तुझ्या नाही!"

"ओरड," मी म्हणाले. "ओरड अजून. पण आधी तिकडे चल."

आम्ही दोघं फाटकापाशी गेलो. बाबांनी खुर्ची उन्हातून सावलीत सरकवली होती. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं, अगदी क्रमाने, ते मला शिकवायचे तसं. पाटी, पाणी, झडप, कफ. कफ त्यांच्या मांडीवर ठेवला. मला वाटलं होतं ते रागावतील. खरं सांगायचं तर तेच हवं होतं मला. त्यांनी एक सणसणीत थोबाडीत दिली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

बाबांनी कफ हातात घेतला, पिळला, आणि नीट घडी घालून परत माझ्या हातात दिला.

"ठिणगे, तू माझ्यासाठी खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ. "नाही भरलं मी पाणी. मला आठवतंय."

"काय आठवतंय?"

"बादली हातात घेतली होती. रिकामी. बसवाले घाई करत होते. म्हटलं, भरू नंतर. पाटी काढली आणि बसलो." मग त्यांनी दादाच्या हाताकडे पाहिलं. "त्याचा हात मी भाजला."

"बाबा, तुम्ही त्या दिवशी म्हणालात अडीच बादल्या! दवाखान्यात म्हणालात! महिनाभर म्हणत होतात!"

"म्हणत होतो. म्हातारपणी वाटतं असं काहीबाही. तुम्ही समजावलंत, मग पटलं."

मी ओरडले. शेजारच्या टायरवाल्याने मान वर करून पाहावं इतक्या मोठ्याने मी माझ्या बापावर ओरडले. "काही समजावलं नाही! आम्ही गाढव होतो! तुम्ही भरलं होतं पाणी, रिकामी बादली वगैरे काही नव्हतं, ते आम्ही घातलंय तुमच्या डोक्यात!" ते माझ्याकडे पाहत राहिले. घाबरले नाहीत. त्यांना माझी कीव येत होती. पोरगी बापासाठी एवढं अंगावर घेतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं, आणि त्यावर माझ्याकडे कुठलंही हत्यार नव्हतं.

दादाने फॉर्मची दोन पानं फाडली, मग चारही. तो नळावर गेला आणि बादली भरून आणली. इस्त्रीचा शर्ट पोटापर्यंत भिजला. त्याने बादली बाबांच्या पायाशी ठेवली.

"तुम्ही भरा, बाबा," तो म्हणाला.

बाबा उठले. ट्रकपाशी आले, आधी पाटी पाहिली, मग खाली वाकून दोन्ही नळ बंद आहेत का ते पाहिलं, मग होजच्या पट्ट्या बोटाने चाचपल्या. यातलं काहीही त्यांना कोणी आठवण करून दिलं नाही. फुटपायरीवर चढले. मी बादली वर दिली. ते धार बारीक ठेवून ओतत होते, हवा बाहेर पडायला वेळ देत मध्ये थांबत होते. पहिली बादली संपली. दुसरी संपली. तिसरी निम्मी झाली आणि पाणी गळ्याशी आलं.

बाबांचा हात तिथेच थांबला. आम्ही दोघं खालून बघत होतो.

"अडीच," मी म्हणाले. "बघा. अडीच."

"हो," बाबा म्हणाले. "त्या दिवशी भरलं असतं तर तेवढंच लागलं असतं."

ते खाली उतरले. दरवाजातून हात घालून पाटी काढली, पुसली आणि खिळ्यावर लावली, कारण पाणी भरणाऱ्याने ती लावायची असते. मी बॅटरी जोडली आणि किल्ली त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"तू फिरव. माझा भरवसा नाही."

मी फिरवली. सवत तीनदा खोकली, चौथ्यांदा धूर ओकली आणि लागली. हेडबिड काही तडकलं नव्हतं. अर्धा तास इंजिन चाललं, काटा मधोमध येऊन उभा राहिला आणि हलला नाही. दादा तंगड्या पसरून जमिनीवर बसला होता, डाव्या हातावर उजवा हात ठेवून. बाबा बॉनेटपाशी उभे होते, मान तिरकी करून ऐकत होते.

"पट्टा किंचित सैल आहे," ते म्हणाले. खरंच होता.

सोमवारी दहाला एकच गाडी आली, ट्रक न्यायची. दादाने त्या निवासवाल्यांना कळवलं होतं. मंडळाच्या लोकांना शब्द दिला होता, म्हणून सवत गेली. मी ती ट्रेलरवर चढवली आणि बाबांनी समोर उभं राहून फौजी खुणांनी मला वर घेतलं. डावीकडे, सरळ, थांब. इतक्या नेमक्या खुणा की चाक बोटभरही चुकलं नाही. मंडळाच्या माणसाने त्यांना सलाम ठोकला. बाबांनी सलाम घेतला आणि त्याला बाजूला नेऊन हळूच सांगितलं, "गाडी उत्तम आहे. एकदाच बिघडली, ती माझ्या चुकीने."

मी ते ऐकलं. जॅकचा दांडा हातात होता, तो मी भिंतीवर एवढ्या जोरात मारला की माझंच मनगट लचकलं.

आता गॅसची शेगडी त्यांना परत दिलीय, पाने-पक्कड त्यांच्या हाताशी आहेत. ते हात लावत नाहीत. दादा रोज संध्याकाळी येतो, अर्ध्या बाह्यांच्या शर्टात, आणि त्यांच्याजवळ बसतो. मी खिळ्याखाली तो पिवळा कफ ठोकलाय, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, आणि कोणी विचारलं की सगळं सांगते. दोन वर्षं आम्ही जे एका बाजूने आत ढकललं, ते उलट्या बाजूने बाहेर काढेपर्यंत मी थांबणार नाही. म्हणून रोज सकाळी चहा देताना मी सांगते, "बाबा, त्या दिवशी तुम्ही पाणी भरलं होतं. अडीच बादल्या. चूक माझी होती."

बाबा कप घेतात. माझ्या डोक्यावरून हात फिरवतात. आणि एकदम गोड आवाजात, लहान मुलाला म्हणतात तसं, म्हणतात, "बरं, ठिणगे."